कोपऱ्यातला हत्ती

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ११.

आजपासून रोजनिशी. कोणी वाचायची नाही. मीसुद्धा मागचं पान उलटून बघणार नाही. फक्त शिस्त म्हणून.

बाबा काल हॉस्पिटलमधून घरी आले. पायरीवरून घसरून मांडीचं हाड मोडलं होतं, आत रॉड घातलाय. हाडांचे डॉक्टर म्हणाले, हाडाचं काम मी केलं, आता पायाचं काम तुमचं. वॉकर धरून दिवसातून तीनदा चालवायचं, पलंगापासून दारापर्यंत आणि परत. दर आठवड्याला थोडं वाढवायचं. १६ मार्चला तपासणी. तोवर पाय चालले तर चालले, नाहीतर उरलेलं आयुष्य पलंगावर, असं अगदी सपाट आवाजात सांगितलं. घाबरवल्याशिवाय डॉक्टरांना चैन पडत नाही.

ताई फोनवर म्हणत होती, बाबांना माझ्याकडे पाठव. तिच्या घराजवळ पुनर्वसन केंद्र आहे, भिंतीला कठडे आहेत, शिकलेली माणसं आहेत. मी म्हटलं, मी आहे ना. बस डेपोत वीस वर्षं वेळापत्रक करतोय. एकशे चाळीस गाड्या माझ्या कागदावर वेळेवर धावतात, तिथे एक वडील काय जड आहेत? साठलेली रजा काढलीय. सात आठवडे, सलग.

हॉस्पिटलमधल्या फिजिओ बाईंनी तक्ता दिलाय, दर शनिवारी घरी येऊन बघणार. बेचाळीस ओळी, दर ओळीत तीन चौकोन. फूटपट्टी लावून कपाटाच्या दारावर सरळ चिकटवला. वेळा: ९, १२, ५.

बाबा जमीन मोजणी खात्यातून रिटायर झालेले. पडल्या पडल्या म्हणाले, पलंग ते दार नऊ पावलं. मी चालून दाखवलं, पाच भरली. तर म्हणाले, तुझी नाही, माझी आत्ताची.

३ फेब्रुवारी. रात्री जेवणाआधी.

तिन्ही फेऱ्या झाल्या. तिन्ही खुणा केल्या. वा.

पण एका फेरीला चाळीस मिनिटं लागतात. उठून बसायला दहा, चक्कर थांबायला पाच, मग प्रत्येक पावलाला सुस्कारा. मी शेजारी नुसता उभा. वेळापत्रकाच्या दृष्टीने हा शुद्ध अपव्यय आहे. सुधारणेला वाव.

बाबांना कंटाळा येऊ नये म्हणून टॅबवर बुद्धिबळाचा एक गेम घेतला. त्यांच्यासाठीच.

४ फेब्रुवारी. दुपारी.

गेम कार्टूनचा आहे. पट म्हणजे एक गाव, चौसष्ट घरं. आपला मोहरा ज्या घरात उभा, त्या घराच्या खिडकीत दिवा. उंटांना गॉगल, घोडे च्युइंगगम चघळतात, वजीर म्हणजे एक जाडी बदक बाई. हत्ती पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात. समोर चष्मेवाला कोल्हा. त्याने मोहरा मारला की त्या खिडकीतला दिवा विझतो आणि कोल्हा तोंड मिटून काहीतरी गुणगुणतो. चाल सुचली नाही तर विहिरीतला बेडूक सुचवतो. चाल चुकली तर खोडरबर आहे.

बाबांचं बोट भलत्याच घरावर पडतं. दोनदा प्रयत्न केला आणि टॅब माझ्याकडे सरकवून म्हणाले, तू खेळ, मी बघतो. मग त्यांच्या वतीने खेळलो. कोल्ह्याला अकरा चालींत लोळवला. स्क्रीनवर तुताऱ्या वाजल्या आणि मला 'सरदार' हा किताब मिळाला. शाळेत बुद्धिबळाच्या संघात मला घेतलं नव्हतं. असो. कोणाचं नुकसान झालं ते दिसतंच आहे.

बाराची फेरी साडेबाराला.

५ फेब्रुवारी. सकाळी ९.१०.

आजच्या तिन्ही खुणा आत्ताच करून टाकल्या. हे लबाडी नव्हे, पद्धत आहे. आमच्या डेपोत गाडी सुटायच्या आधीच फेरीपत्रकावर 'पूर्ण' लिहितात, नाहीतर संध्याकाळी पत्रकं भरायच्या खिडकीपाशी झुंबड उडते. एखादी गाडी गेलीच नाही तर दुसऱ्या दिवशी खोडतात. म्हणजे खोडायचं असतं.

७ फेब्रुवारी, शनिवार.

फिजिओ बाईंची पहिली भेट. बाबा दारापर्यंत जाऊन आले. बाईंनी व्हिडिओ काढला, मलाही पाठवला. मग टेपने मांडीचा घेर मोजला: त्रेचाळीस सेंटिमीटर. टेप बघून बाबांचा चेहरा खुलला, म्हणाले, शून्याची बाजू घट्ट धरा. तक्ता बघून बाई म्हणाल्या, असा घरचा माणूस प्रत्येक पेशंटला मिळो. मी नम्रपणे मान खाली घातली.

९ फेब्रुवारी.

गेममध्ये एक नवा नियम कळला. मोहिमेत एका डावातले मोहरे पुढच्या डावात तेच येतात. जो मोहरा बराच वेळ हलवला नाही तो आधी जांभया देतो. मग रात्रीची टोपी घालून घरातच आडवा होतो. आणखी राहिला की त्याच्या खिडकीतला दिवा मंद व्हायला लागतो. माझा डावीकडच्या कोपऱ्यातला हत्ती आडवा झालाय. चांगलं आहे. कोपऱ्यात सुरक्षित आहे, कोणाच्या अध्यात ना मध्यात.

बाबा पलंगावरून म्हणाले, तुझा हत्ती झोपला रे. मी म्हटलं, तुम्ही आराम करा.

१० फेब्रुवारी.

सोयी वाढवल्या. बाबांना बाथरूमपर्यंत जायचा त्रास नको म्हणून पलंगाला लागून खुर्ची-कमोड आणला. पाणी, औषधं, रेडिओ, चष्मा, सगळं हाताच्या अंतरावर. वर एक घंटा दिली. आता त्यांना कशासाठीही हलायला लागत नाही. सेवा सेवा म्हणतात ती ही.

स्वयंपाकाच्या मावशी सकाळी येऊन जातात, त्या दारातून म्हणाल्या, असं सगळं हाताशी दिलंत तर पाय कशाला उठतील? पाय विसरतात हो. उचलली जीभ लावली टाळ्याला.

फेऱ्या: एक. पण मनापासून.

१४ फेब्रुवारी, शनिवार.

मांडी बेचाळीस. बाईंनी विचारलं, तीनदा चालताय ना? बाबा म्हणाले, हो, चालवतो की. बाईंनी लिहून घेतलं. मी बाबांकडे बघितलं, पण ते खिडकीबाहेर बघत होते. वयामुळे त्यांना फेऱ्यांचा नीट हिशेब राहत नसेल. किंवा एकच फेरी त्यांना तीनइतकी वाटत असेल. शेवटी परिणाम महत्त्वाचा.

१७ फेब्रुवारी.

'सेनापती' झालो. कोल्हा आता घामाघूम होतो. आज त्याने त्याचा वजीर माझ्या प्याद्यासमोर आणून ठेवला. बाबा म्हणाले, तो मुद्दाम हरतोय. मी विचारलं, कशावरून? म्हणाले, खेळणारा माणूस असं करत नाही, तुला खेळवत ठेवायचंय त्याला. पडून पडून माणूस संशयी होतो.

नऊ वाजता बाबा म्हणाले होते, चल. मी म्हटलं, हा डाव झाला की. डाव झाला तेव्हा बारा वाजले होते. तेव्हा ते म्हणाले, आता जेवूनच घेऊ.

२१ फेब्रुवारी, शनिवार.

मांडी एक्केचाळीस. बाईंच्या कपाळाला आठी. मी म्हटलं, टेप ताणली गेली असेल. बाबा म्हणाले, टेप ताणली गेली तर माप कमी येतं, हे खरंय. पण ते हसले नाहीत.

आनंदाची बातमी: बाईंची परीक्षा आहे, पुढचे दोन शनिवार येणार नाहीत. तक्त्याचा फोटो आणि चालतानाचा व्हिडिओ पाठवत जा म्हणाल्या. सोमवारपासून नवीन टाइमटेबल: चार फेऱ्या. मागचा बॅकलॉग भरून काढायचा.

२३ फेब्रुवारी, सोमवार.

नवीन टाइमटेबल उद्यापासून. सोमवारी सुरू केलेलं काही टिकत नाही.

२६ फेब्रुवारी.

गेममध्ये संध्याकाळ झालीय. म्हणजे मोहीम अर्ध्यावर आली की आकाशाचा रंग बदलतो, खरी घड्याळाची संध्याकाळ नव्हे. गावात खिडक्या कमी राहिल्यात. दोन्ही घोडे गेले, एक उंट गेला. कोल्ह्याचं गुणगुणणं आता तो खेळत नसतानाही चालू असतं. टॅब बंद केला तरी मला वाटतं ऐकू येतंय. फ्रीजचा आवाज असेल.

बाबा हल्ली चल म्हणत नाहीत. सकाळी नऊला घड्याळाकडे बघतात, मग माझ्याकडे, मग डोळे मिटतात. समाधानी दिसतात.

२८ फेब्रुवारी, शनिवार.

बाईंना तक्त्याचा फोटो पाठवला. व्हिडिओही पाठवला, त्यांनीच पहिल्या शनिवारी काढलेला. तो आजचा आहे असं मी कुठेही म्हटलेलं नाही. त्यांनी अंगठा पाठवला.

ताईचा फोन. बाबांशी बोलली. बाबा म्हणाले, उत्तम आहे, तू काळजी करू नकोस, हा सगळं करतो. फोन ठेवून त्यांनी पाणी मागितलं. ग्लास हाताशीच होता.

२ मार्च.

वॉकरवर टॉवेल छान वाळतो. खिडकीजवळ ठेवला की दुपारपर्यंत खडखडीत. दोन दांड्यांवर माझे दोन शर्टही राहतात. इतकी सोयीची वस्तू प्रत्येक घरात हवी.

४ मार्च.

हत्तीवर कोळ्याने जाळं विणलंय. कार्टूनचा कोळी, गोड आहे, डोळे मिचकावतो. हत्तीची खिडकी जवळजवळ काळी. त्याच्यावर बोट ठेवलं तर तो एक डोळा उघडून माझ्याकडे बघतो आणि परत मिटतो. हे मला आवडलं नाही. पण त्याच्याशिवाय डाव जिंकला, त्यामुळे हत्तीची गरज नव्हती हे सिद्धच झालं.

बाबा पलंगावरून बघत होते. म्हणाले, अजून उठेल, आत्ता हलवलास तर. मी म्हटलं, आत्ता नको, राजा अडचणीत आहे. बाबा बरं म्हणाले. तेवढंच.

७ मार्च, शनिवार.

आज चालवायचंच ठरवलं. शर्ट काढले, टॉवेल काढला, वॉकर पुढे केला. बाबा उठून बसले. पाय खाली सोडले. पायजम्यातून पाय आहेत की नाहीत कळेना, कापड नुसतं लोंबत होतं. ते थरथरायला लागले तेव्हा मीच म्हटलं, आज राहू दे का? बाबा म्हणाले, राहू दे. वडीलधाऱ्यांच्या शब्दाबाहेर मी नाही.

फरशी गुळगुळीत आहे, हा मुख्य प्रॉब्लेम आहे. मावशींना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, नाचता येईना अंगण वाकडं. कोणाला उद्देशून म्हणाल्या ते कळलं नाही.

९ मार्च, सोमवार.

सात दिवस हातात आहेत. घाबरायचं कारण नाही. डेपोत महिनाअखेरीला राहिलेल्या फेऱ्या एकदम सोडतात, लोक त्याही गाड्यांत बसतात. हिशेब केला: राहिलेल्या फेऱ्या ब्याण्णव. भागिले सात. रोज तेरा. पहाटे पाचपासून दर तासाला एक. सुटसुटीत टाइमटेबल करून लाल-निळ्या पेनने रंगवलं. त्यातच दिवस गेला.

११ मार्च.

बाबांना उभं केलं. मी काखेत हात घालून, ते वॉकर धरून. दोन पावलं. तिसऱ्याला गुडघा मुडपला आणि त्यांचं सगळं वजन माझ्यावर आलं. वजन फार नव्हतं. तेच लक्षात राहिलंय. माझा बाप एवढा हलका कधीच नव्हता.

पलंगावर बसवल्यावर म्हणाले, तुला लागलं का?

पाच पावलं धरायला हरकत नाही. परत येतानाची मिळून.

१४ मार्च, शनिवार.

बाई आल्या. परीक्षा चांगली गेली म्हणे. मांडी छत्तीस. त्यांनी पुन्हा मोजली. पुन्हा छत्तीस. मग बाबांना उभं राहायला सांगितलं आणि बाबा राहिले नाहीत. म्हणजे प्रयत्न केला, मानेच्या शिरा फुगल्या, पण खालून काहीच आलं नाही. बाई तक्त्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. एकशे वीस खुणा, सगळ्या एका मापाच्या, सगळ्या एकाच पेनच्या. आजच्याही.

बाईंनी बाबांना विचारलं, आजोबा, खरं सांगा, रोज चालवायचे का? बाबा म्हणाले, रोज. तीनदा. माझेच पाय निकामी निघाले, त्याने काही कमी केलं नाही.

बाईंनी तक्ता काढून पिशवीत घातला, डॉक्टरांना दाखवायला. मला सुटल्यासारखं वाटलं. कपाटाच्या दारावर आता चौकोनी पांढरा डाग राहिलाय.

१६ मार्च, सोमवार. दुपारी ३.

तपासणी. व्हीलचेअरवरून नेलं. एक्स-रे सुंदर आहे, हाड पक्कं जुळलंय. डॉक्टरांनी तक्ता टेबलावर पसरला, बराच वेळ बघितला, मग म्हणाले, इतका नियमित व्यायाम मी कोणाचा पाहिला नाही. एवढं करूनही पाय आले नाहीत, म्हणजे आता येणार नाहीत. वय आहे. आणखी छळू नका त्यांना.

मी ताईच्या केंद्राचं विचारलं. तिने एक जागा धरून ठेवलीय, शुक्रवारी दुपारी बारापर्यंत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेत नाहीत. डॉक्टर म्हणाले, ती चिठ्ठी मी देऊ शकत नाही. तिथल्या जागा थोड्या, आणि त्या ज्यांना व्यायाम मिळालेलाच नाही अशांसाठी. त्यांचे पाय परत येऊ शकतात. तुमच्याकडे मध्ये बरेच दिवस चुकले असते तर मी आजच लिहून दिलं असतं. चुकले होते का?

टेबलावर तक्ता होता. मी घसा खाकरला. बाबा म्हणाले, एक दिवस चुकला नाही.

डॉक्टरांनी माझ्याशी हात मिळवला.

१७ मार्च.

सांगणार आहे. फोन करून सरळ सांगायचं: डॉक्टर, ब्याण्णव फेऱ्या झाल्या नव्हत्या. एवढंच वाक्य. चार सेकंदांचं. पण डॉक्टर सकाळी ओपीडीत असतात, दुपारी ऑपरेशनमध्ये, आणि संध्याकाळी माणूस थकलेला असतो.

मन शांत व्हावं म्हणून शेवटची पातळी खेळलो. राजा एका कडेला, कोल्हा समोर, आणि मध्ये फक्त कोपऱ्यातला हत्ती आला असता तर डाव माझा होता. बेडूकही तेच सुचवत होता, हत्ती, हत्ती. हत्तीवर बोट ठेवलं. या वेळी त्याने डोळा उघडला नाही. खिडकी काळी झाली. कोल्हा पहिल्यांदाच गुणगुणला नाही. चष्मा काढून पुसत बसला.

सेटिंगमध्ये जाऊन बघितलं, काही उपाय आहे का. तिथे लिहिलं होतं: पातळी, वय वर्षे चार ते सहा. म्हणजे पहिल्यापासून तीच होती.

१९ मार्च, गुरुवार.

(ही नोंद १८ तारखेलाच करून ठेवतोय. उद्या धावपळ असेल.)

सकाळी साडेनऊला डॉक्टरांना फोन करून सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, सांगितलंत हे फार बरं झालं. चिठ्ठी लगेच दिली. ताईला कळवलं, ती रागावली, पण थोडीच. बाबा शनिवारी केंद्रात जातील. मी सोबत राहीन. बाबांना सांगितलं तेव्हा ते हसले. सगळं पूर्ण.

२० मार्च, शुक्रवार. दुपारी १२.२०.

वरची नोंद खोडायची राहिली.

काल फोन हातात घेतला होता. नंबरही लावला. एक रिंग गेली आणि मी ठेवला. आज पुन्हा लावणार होतो. अकराला, मग सव्वाअकराला. आत्ता ताईचा मेसेज आला: जागा दुसऱ्याला दिली. जाऊ दे, तू तुझ्या परीने खूप केलंस.

मी बाबांना चालवलं नाही. हे एकदा लिहितो. फरशी नाही, वय नाही, टेप नाही. त्यांना चालायचं होतं आणि मी चालवलं नाही. आणि त्यांना हे माहीत आहे, आणि ते कोणाला सांगणार नाहीत, आणि मला त्यांची फार भीती वाटते.

इतक्यात घंटा वाजली. साडेबारा वाजले होते, बाराच्या फेरीला अर्धाच तास उशीर. मी पेन टाकून धावलो. वॉकरवरचं सगळं एका हाताने खाली ओढलं आणि तो पलंगापाशी नेला. म्हटलं, चला बाबा, उठा, मी धरतो, आज दारापर्यंत जायचंच.

बाबा वॉकरकडे बघत राहिले. मग खाली फरशीकडे. म्हणाले, उन्हं आत यायला लागलीत, पडदा ओढ, एवढ्यासाठी वाजवली. आणि तो टॉवेल ओला आहे अजून. परत टाक त्याच्यावर, वाळू दे.

टाकला.